शेवटून पहिला बोकड

“दाजी, उलटं सांगून राहिलात! उलटं!”

माझी मेहुणी उमा स्टेजखालून दोन्ही हात गरागरा फिरवत ओरडत होती आणि माझ्या हातात माईक होता. माईक हातात असला की मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. (हा आजार नव्हे. मी डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी तपासायच्या आधी मीच त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं, मग ते म्हणाले, “माझेच कान दुखून राहिले, तुम्ही या आता.”)

समोर उदगीरच्या मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, मैदान गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत नांदेडहून आलेले सर, त्यांच्या शेजारी माझे सासरे आप्पा, त्यांच्या शेजारी माझी बायको महानंदा, कपाळाला हात लावून. माझ्या मागं पांढऱ्या पडद्यावर एक कार्टूनमधला बोकड आ वासून उभा. आणि मी त्या बोकडाची ओळख करून देत होतो. उमाला जे वाटत होतं ते खरं होतं. मी उलटंच सांगत होतो. पण मुद्दाम! त्यामागं माझा मोठा विचार होता. माझ्या मोठ्या विचारांनी आमच्या घरात आजवर जेवढं नुकसान झालंय तेवढं दुष्काळानंही केलेलं नाही.

आता हे पहिल्यापासून सांगतो. सुलटीकडून.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं यायला लागलं, तशी आमच्या घरातली माणसं रेल्वेनं जायला लागली. माझा धंदा सूत्रसंचालनाचा. साखरपुडा, लग्न, सत्कार, उद्घाटन, जिथं माईक तिथं मी. (एकदा तेरवीलाही बोलावलं होतं. माझं बोलणं संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तेरवीला कुणी बोलावत नाही.) पण पंगतीला पाणी नाही म्हणताना लोकांनी लग्नंच पुढं ढकलली. मी घरात बसून. शेवटी महानंदानं पिशवी भरली.

“मी चालले उदगीरला, आप्पाकडं.”

“आन मी?”

“तुमी बी चला. हितं बसून नळाला भाषण देऊन राहिलात.”

तिचं खरं होतं. नळाला पाणी येण्याची वाट बघता बघता मी त्याचं स्वागतपर भाषण पाठ करून ठेवलं होतं. ‘आज आपल्यामध्ये प्रदीर्घ प्रतीक्षेनंतर लाभलेले...’ इथपर्यंत मी आलो की नळ फुस्स करायचा आणि पुन्हा गप्प.

उदगीरलाही पाणी नव्हतंच, टँकरच होता. पण तिथं आशा होती. उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती, आणि हवा म्हणजे अशी तशी नव्हे, वावटळ! चहाच्या टपरीवर लोकांनी कलेक्टरचा बंगला कुठं बांधायचा ते ठरवून टाकलं होतं. एका न्हाव्यानं तर दुकानाच्या पाटीवर ‘जि. उदगीर’ रंगवूनही घेतलं होतं. जळकोटचा एक पाव्हणा सासुरवाडीला आला की सांगायचा, “मी आता तुमच्याच जिल्ह्यातला, परका न्हाई,” आणि जास्तीचं एक ताट जेवून जायचा.

आप्पांचं मोंढ्यात अडत दुकान आणि त्याला लागून भलंमोठं गोदाम. त्या साली तूर नाही, सोयाबीन नाही. गोदाम एवढं रिकामं की उंदीरसुद्धा बदली मागून निघून गेले होते. त्या रिकाम्या गोदामात उमानं स्टुडिओ थाटला होता. पोरगी पुण्याला ॲनिमेशन शिकली, तिथंच नोकरीला लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून दोन मैत्रिणींना घेऊन परत आली. म्हणाली, “मला आपल्या बोलीत कार्टून काढायचंय.” दारावर पाटी लावली, ‘गोदाम ॲनिमेशन’. मोंढ्यातले हमाल पहिले काही दिवस विचारायचे, “ताई, हे ॲनिमेशन कोणत्या भावानं चाललंय?”

आप्पा वरून फणस, आतून मात्र... फणसच. पण पिकलेला. त्यांनी जागा दिली ती एका अटीवर. “पाऊस पडस्तोवर गोदाम तुझं. तवर एक तरी मोठं काम आण. न्हाई आलं तर गुमान पुण्याला नोकरीवर जायाचं. हाव का न्हाई?”

“हाव,” उमा म्हणाली.

आणि ते मोठं काम चालत चालत दाराशी आलं होतं. नांदेडचे हे जे सर, त्यांची किनवटच्या जंगलपट्टीत पोरांची वसतिगृहं. शनिवारी संध्याकाळी पोरांना काहीतरी दाखवायचं, तर पोरांना कळेल असं कार्टून मिळेना. उमाचं नाव त्यांच्या कानावर गेलं. मोंढ्यातल्या महादेवाच्या जत्रेला संध्याकाळी उमाचे सगळे चित्रपट पडद्यावर दाखवायचे होते. सर म्हणाले, मी येतो, माणसांत बसून बघतो, त्यातला एकच निवडतो, आणि मग त्याचीच मालिका वर्षभर तुम्ही काढायची.

वर्षभराचं काम! निवड झाली तर उमा उदगीरात, नाही झाली तर पुण्यात. एवढं साधं होतं. त्यात मी कुठंच नव्हतो. म्हणून मी म्हणालो, “सूत्रसंचालन मी करतो.”

महानंदा, उमाची अक्का, म्हणाली, “कामून?”

“कामून म्हणजे? घरात एवढा मोठा कलाकार असताना बाहेरचा माणूस आणायचा का?”

उमानं आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी छताकडं पाहिलं. पण आमच्याकडं जावयानं सासुरवाडीत तोंड उघडून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. लोक या मानापायी जावयाला गाडी देतात, सोनं देतात. आप्पांनी मला माईक दिला. (पुढं ते म्हणाले, गाडी स्वस्त पडली असती.)

“दाजी, तुमी फक्त नाव सांगायचं आन खाली उतरायचं,” उमानं बजावलं.

“फक्त नाव,” मी म्हणालो.

आता माझा तो मोठा विचार. मोबाईलवर मी पाहिलं होतं की परदेशातली माणसं एखाद्या कार्टून कंपनीचे सगळे चित्रपट बघतात आणि त्यांची क्रमवारी लावतात, नावडत्यापासून सुरू करून आवडत्यापर्यंत. शेवटपर्यंत माणूस जागचा हलत नाही! मी ठरवलं, आपणही हेच करायचं. गोदामात पोत्यावर बसून मी उमाचे पाचही चित्रपट इतक्यांदा पाहिले की तिच्या मैत्रिणी मला ओलांडून जायला लागल्या. आणि उमाचा क्रम बाजूला ठेवून अत्यंत निःपक्षपातीपणे मी माझा क्रम लावला आणि पडदा सांभाळणाऱ्या तिच्या मैत्रिणींना गुपचूप तोच दिला.

सगळ्यात खाली, ‘भोंग्या बोकड’. कथा कमजोर. एका बोकडाला लाऊडस्पीकर सापडतो. गावात काहीही झालं की बोकड ते सांगायला उभा राहतो, पण आधी स्वागत, मग प्रस्तावना, मग आभार, आणि मुद्द्यावर येईपर्यंत सगळं आटपून गेलेलं असतं. बोकडाच्या गळ्यात मफलर. बोकडाला पोट. बोलायच्या आधी बोकड माईकवर तीनदा टिचकी मारतो आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो. मी उमाला विचारलं होतं, “हा बोकड कुणावरून घेतलास?” ती म्हणाली, “असाच, मनातनं.” मला मफलर आहे, पोट आहे, आणि मी तीनदा टिचकी मारतो, हा निव्वळ योगायोग. पण अशा योगायोगाला उत्तेजन देऊ नये म्हणून पाचवा नंबर.

चौथा, ‘तूर आणि डाळ’. दोन बहिणी, त्यातली एक गिरणीत जाते आणि दुभंगून परत येते. चांगला होता, पण महानंदा दर वेळी बघून रडायची आणि मग दिवसभर माझ्याशी बोलायची नाही. माझा काय दोष?

तिसरा, ‘गाडीनं आलेलं पाणी’. हा उमाचा जीव की प्राण. पाणी रेल्वेत बसून निघतं, प्रत्येक स्टेशनावर डोकं बाहेर काढून विचारतं, “हे माझं गाव का?” शेवटी एका पोरीच्या कळशीत उतरतं आणि म्हणतं, “हां, हेच.” सुंदर! पण त्यात स्टेशनवरचा भजीवाला दाखवला नव्हता. रेल्वे आहे आणि भजी नाहीत, हे काळजाला पटत नाही.

दुसरा, ‘जिल्हा येणार हाय’. एक म्हातारी ऐकते की जिल्हा येणार. तिला वाटतं पाव्हणा आहे. ती रोज अंगण झाडते, दोन भाकरी जास्तीच्या थापते, आणि वाटेवरच्या प्रत्येकाला विचारते, “बाबा, तूच का जिल्हा?” जो येतो तो भाकर खाऊन जातो. शेवटी सारा गाव तिच्या अंगणात जेवायला बसतो. हा पाहून आप्पासुद्धा चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, “धूळ लई हाय गोदामात.”

आणि पहिला, सर्वोत्तम, अजरामर, ‘म्हशीचं स्वप्न’! यातल्या म्हशीला आवाज माझा आहे. (निःपक्षपातीपणा म्हणतात तो हा.) म्हैस एकच वाक्य बोलते आणि झोपते, पण त्या एका वाक्यासाठी मी इतका रियाज केला की शेजारची खरी म्हैस दावं तोडून आमच्या दाराशी येऊन उभी राहायला लागली. तिच्या मालकानं येऊन हात जोडले, “जावईबापू, दूध देईना झाली, तुमच्याकडंच बघत बसती.”

तर जत्रेची संध्याकाळ. मी स्टेजवर चढलो. टिचकी, टिचकी, टिचकी. “हॅलो, हॅलो.” मैदानात कुणीतरी खुदकन हसलं. मी दुर्लक्ष केलं.

“मंडळी, गोदाम ॲनिमेशनचे पाच चित्रपट मी माझ्या मनातल्या क्रमानं आपल्यापुढं ठेवणार हाय!”

इथं मला म्हणायचं होतं, ‘सगळ्यात नावडता आधी.’ पण माझी अडचण समजून घ्या. आजवर माईकमधून मी कुणालाही नावडता म्हटलेलं नाही. म्हटलं तर पुढचं लग्न मिळत नाही. ‘नावडता’ हा शब्द घशापर्यंत आला आणि तिथून सवयीनं दुसरंच बाहेर पडलं.

“तर सर्वप्रथम! ज्याला ओळखीची गरज नाही, ज्याच्याविषयी बोलायला माझ्याकडं शब्द नाहीत (खरंच नव्हते), असा भोंग्या बोकड! टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्यांचा कडकडाट. नांदेडचे सर खुर्चीत सरसावून बसले. आणि त्याच क्षणी उमा ओरडली, “दाजी, उलटं सांगून राहिलात!”

आता मला सांगा, आपल्या मुलखात पहिलं नाव कुणाचं घेतात? ज्याचा मान मोठा त्याचं! पहिली शाल त्याला, पहिला नारळ त्याला, पंगतीत पहिलं ताट त्याला. एका लग्नात मी नवरीच्या थोरल्या काकांचं नाव चुकून तिसरं घेतलं, तर काका न जेवता गेले आणि जाताना मंडपाच्या एका बाजूचे दोर सोडून गेले. सगळ्या जिल्ह्याला मानाचा क्रम शिकवणारा मी, आणि परदेशी मोबाईलच्या नादानं हेच विसरलो! मैदानात बसलेल्या प्रत्येकाला वाटलं, बोकड पहिला!

पडद्यावर बोकड सुरू झाला. त्यानं माईकला तीनदा टिचकी मारली. मैदान फुटलं! माणसं हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडत होती. बोकड मफलर सावरायचा तेव्हा पडद्याकडं बघायचं सोडून सगळे माझ्याकडं बघायचे. मी मफलर काढून खिशात कोंबला, तर त्यालाही टाळ्या पडल्या.

मग ‘तूर आणि डाळ’ला बायका रडल्या. तिसऱ्याला मैदान चिडीचूप झालं. म्हातारीच्या चित्रपटाला सारे हळवे झाले. (आप्पा म्हणाले, “मैदानात बी धूळ लई हाय.”) आता माझी म्हैस! मी छाती भरून घेतली. “आणि आता, ज्या क्षणाची आपण सारे...”

पों पों पों!

मोंढ्याच्या वेशीकडनं टँकरचा हॉर्न. त्या दिवशी तो येणारच नव्हता, म्हणून तर आला. आणि मी, माईक हातातला मी, सवयीनं गर्जलो, “टँकर आला हो, टँकर!”

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण धूळ उडाली होती. धूळ बसली तेव्हा मैदानात रिकाम्या खुर्च्या, एक चप्पल आणि मी. म्हशीनं तिचं एकमेव वाक्य म्हटलं आणि ते ऐकायला एक कुत्रं होतं. तेही टँकरकडं गेलं.

मी धावत टँकरपाशी पोचलो तर काय दृश्य! नांदेडचे सर, पांढराशुभ्र सदरा, आणि खांद्यावर घागर! महानंदानं त्यांच्याकडं दिली होती. “सर, तेवढी धरता का? दोन हातात दोन झाल्या.” बिचारे रांगेत उभे. मला बघून म्हणाले, “या, या! माझी निवड झाली. बोकड!”

“सर, तुमचा काहीतरी घोटाळा होऊन राहिला. तो बोकड म्हणजे सगळ्यात...”

माझ्या दंडाला सणसणीत चिमटा बसला. उमा! ती दातांतल्या दातांत म्हणाली, “आता सुलट करू नका! काम मिळून राहिलंय!”

“पण तुझं ते पाणी?”

“पाणी पुढच्या वर्षी दाखवते. आधी मला हितं राहू द्या.”

सर मात्र चौकस माणूस. घागर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाले, “मला एक सांगा, तुम्ही जाणकार. पहिला मान तुम्ही बोकडाला का दिला? उगं दिला असंल तर मला पुन्हा विचार करावा लागंल.”

रांग थांबली. माणसं वळली. उमाचा चिमटा माझ्या दंडातच होता. एका बाजूला माझी अजरामर म्हैस, दुसऱ्या बाजूला पोरीचं उदगीरात राहणं. खरं सांगतो, मी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. (तीन क्षण केला.)

“का दिला म्हणता? सर, हा बोकड साधा बोकड न्हाई!” मी सुरू झालो. “गावात एक तरी माणूस असा पायजे, ज्याला सगळ्यांना सगळं सांगावं वाटतं. लोक हसतात त्याला. हसू द्या! उद्या तो गप बसला तर गावात काय चाललंय कुणाला कळणार? त्याचं पोट बघू नका, सर, त्याचा मफलर बघू नका, त्याचं काळीज बघा!”

बोलता बोलता मलाच तो बोकड आवडायला लागला. असा बोकड माझ्या लक्षातच आला नव्हता! मी त्याचं बालपण सांगितलं, त्याचा त्याग सांगितला, त्याच्या आईवडिलांचे आभार मानले. मागून माणसं “वा!” म्हणत होती. महानंदा काहीतरी हातवारे करत होती, मला वाटलं तीही भारावली. शेवटी मी म्हणालो, “आणि म्हणून मी माझे दोन शब्द...”

पों पों.

वळून बघतो तर टँकर मोंढ्याच्या वेशीतून बाहेर पडत होता. सगळ्यांच्या घागरी भरल्या होत्या. महानंदाच्या दोन्ही कोरड्या, माझ्या पायाशी ओळीनं उभ्या. मी नळीच्या समोरच उभा राहून बोलत होतो, त्यामुळं लोकांनी मला वळसा घालून पाणी भरलं होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, “भोंग्या बोकड, भाग दुसरा!”

सर घागरीसकट खाली बसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. (मला वाटलं, त्या संध्याकाळी आमच्या वाट्याला तेवढंच पाणी.) डोळे पुसत उमाला म्हणाले, “ताई, वर्षभर पुरंल का म्हणून विचारणार होतो. ह्ये तर जन्मभर पुरंल!” आणि त्यांच्या खांद्यावरची, तेवढी एकच भरलेली घागर त्यांनी महानंदापुढं ठेवली. ती त्यांनी माझं भाषण चालू असताना गुपचूप भरून घेतली होती. जाणकार माणूस.

घरी जाताना आप्पा उमाला म्हणाले, “आवंदा पाऊस पडणार.”

उमाचा चेहरा उतरला. “मग गोदाम...”

“धान्य बाहेर ठेवू. ताडपत्री हाय.”

अडत दुकानदाराच्या तोंडून हे वाक्य! महानंदा रस्त्यातच थांबली आणि तिनं बापाच्या कपाळाला हात लावून बघितलं.

आणि पाऊस पडला, हो! असा पडला की बास. तूर आली, सोयाबीन आलं, अर्धं गोदाम पोत्यांनी भरलं, अर्ध्यात पोरी बोकड काढत बसल्या. नवा जिल्हा अजून वाटेत आहे, न्हाव्यानं पाटी पुसलेली नाही. किनवटहून सरांचा फोन यायचा, पोरं शनिवारची वाट बघतात, खेळताना माईकला टिचकी मारल्यासारखं करतात.

लातूरला परत निघायच्या आदल्या दिवशी मी गोदामात गेलो. मध आणि आलं चाटून, अगदी तयारीत. बोकडाशी माझं आता मनोमन जमलं होतं. मी पोत्यावर बसलो, घसा खाकरला आणि उमाला म्हणालो, “तर मग, पुढच्या भागांत बोकडाला आवाज माझाच ना?”

उमानं पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही.

“न्हाई दाजी. पहिल्यापासनं अक्काच देती. तुमचा आवाज तिला तुमच्यापेक्षा बरा जमतो.”